मुरघास : ओल्या चाऱ्याचे पेव

मुरघासाच्या खड्ड्यासाठीचा ‘सायलो’ हा शब्द ग्रीक ‘सिरोस’वरून स्पॅनिशमार्गे आला असे मानतात. सिरोस म्हणजे धान्याचा खड्डा, आपले पेवच. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीच्या पोटात हळदीची पेवे होती. २००५ च्या महापुरात त्यांतली बरीचशी निकामी झाली. पेवात माल कोरडा ठणठणीत ठेवावा लागतो, ओल शिरली की तो गेला. मुरघासाच्या खड्ड्यात मात्र मुद्दाम ओला चारा पुरतात, शंभर किलोत ६५ ते ७० किलो पाणी असलेला. तो कुजत नाही, हे खरे नवल.

कापलेला मका लगेच मरत नाही. त्याच्या पेशी श्वास घेत राहतात आणि कुट्टीत अडकलेला प्राणवायू संपवतात. चारा कोमट लागतो तो त्यामुळे. प्राणवायू संपला की पानांवर आधीपासूनच असलेले जिवाणू जोर धरतात. दही विरजणाऱ्या जिवाणूंच्याच गोतातले हे. चाऱ्यातली साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि सामू (पीएच) साधारण सहावरून चारपर्यंत उतरतो. त्या आंबटपणात कुजवणारे जिवाणू तग धरत नाहीत. शेवटी आम्ल करणारेही थंडावतात आणि चारा आहे त्या स्थितीत टिकून राहतो.

फ्रान्समध्ये ऑग्युस्त गोफार यांनी हिरवा मका असा मुरवण्याचे वर्षानुवर्षे प्रयोग करून १८७७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी चाऱ्यात बाहेरून आम्ल मिसळून सामू चारच्या खाली आणण्याची रीत बसवली. १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना देताना चारा टिकवण्याच्या या पद्धतीचा खास उल्लेख झाला. गोठ्यातल्या कामाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

आता खड्डा. पाच गाई, रोज प्रत्येकी २० किलो आणि फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस धरले तर १२ टन मुरघास लागतो. एका घनफुटात साधारण १५ किलो बसतो. म्हणजे २० फूट लांब, ७ फूट रुंद, ६ फूट खोल खड्डा पुरतो. जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी हवी. मुरमाड जमीन उत्तम. काळ्या जमिनीला भेगा पडतात, तिथे विटांचे बांधकाम करावे. तळाला आणि भिंतींना जाड प्लॅस्टिक अंथरावे.

मक्याचा दाणा चिकात भरला की कापणी करावी. कुट्टी पाऊण ते एक इंचाची असावी. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडावी : गोळा हळूहळू उलगडला आणि हाताला पाण्याचा थेंब लागला नाही, की ओल बरोबर.

यापुढे सगळी मदार तुडवण्यावर आहे. अर्धा-अर्धा फुटाचा थर घालायचा आणि कडा-कोपरे सोडून न देता पायांनी किंवा ट्रॅक्टरने दाबायचा. बिघडलेला मुरघास बहुतेक वेळा इथेच बिघडलेला असतो, कारण राहिलेल्या पोकळीत हवा असते आणि हवेबरोबर बुरशी येते. खड्डा एक-दोन दिवसांत भरून, जमिनीच्या वर दोन-तीन फूट घुमटासारखा उंच करून प्लॅस्टिकने झाकावा आणि वर फूटभर माती द्यावी. चारा बसत जातो तशा वर भेगा पडतात. त्या लगेच बुजवाव्यात.

४५ दिवसांनी एकाच टोकाकडून उघडावा. चांगला मुरघास पिवळसर हिरवा दिसतो आणि त्याला आंबटगोड वास येतो. काळा, चिकट, उग्र वासाचा किंवा बुरशी आलेला भाग फेकून द्यावा, जनावरांपुढे टाकू नये. रोज पूर्ण रुंदीचा थर काढून उघडी बाजू पुन्हा झाकावी. मुरघास धारा काढल्यावर घालावा, नाहीतर दुधाला वास लागतो. सुरुवातीला रोज थोडा थोडा घालून सवय करावी.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. भरल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत खड्ड्यात जड, विषारी वायू साचतात. अर्धवट भरलेल्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी एकट्याने उतरू नका आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नका.