कडू क्षार

‘क्षार’ हा शब्द वर्गात आला की मी थोडा थांबतो. ‘खार’, ‘खारट’ हे त्याचेच तद्भव. त्यामुळे क्षार म्हणजे खारट, असे विद्यार्थी धरून चालतात. आयुर्वेदात मात्र वनस्पतींच्या राखेपासून काढलेला दाहक पदार्थ म्हणजे क्षार. रसायनशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याचा अर्थ आणखी निराळा: आम्ल व आम्लारी यांच्या संयोगातून पाण्याबरोबर जो तयार होतो, तो क्षार. तेथे चवीचा प्रश्नच नाही. मॅग्नेशियम सल्फेट हा असाच एक क्षार. चवीला चक्क कडू.

पेडणे तालुक्यातील आगरवाडा गावाच्या नावातच आगर आहे. मिठागरात समुद्राचे पाणी आटत गेले की आधी जिप्सम आणि मग खाण्याचे मीठ खाली बसते. उरलेल्या कडू पाण्यात मॅग्नेशियमचे क्लोराइड व सल्फेट राहतात. यांतले क्लोराइड हवेतील ओल ओढते. पावसाळ्यात गावठी मिठाला पाणी सुटते ते मुख्यतः त्यामुळे.

सल्फेटच्या स्फटिकात प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात. म्हणजे वजनाने निम्म्याहून थोडे अधिक पाणीच. स्फटिक तापवले की हे पाणी निघून जाते. उरलेली पांढरी भुकटी पुन्हा पाणी शोषते, म्हणून प्रयोगशाळेत ती द्रव कोरडे करण्यासाठी वापरतात. द्रावणात धुण्याचा सोडा घातला तर मॅग्नेशियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो. साबण घातला तर फेसाऐवजी चिकट साय धरते. ही दुष्फेनता पाणी उकळूनही जात नाही.

इंग्लंडमधील एप्सम गावच्या झऱ्यातील या क्षारावर नेहेमाया ग्रू यांनी १६९५ मध्ये ग्रंथ लिहिला, आणि ‘एप्सम मीठ’ हे नाव रूढ झाले. पुढे जुलाबाचे औषध म्हणून तो घरोघरी गेला. आज गरोदरपणातील जीवघेणे झटके रोखण्यासाठी डॉक्टर तो टोचतात.

आपल्याकडे या ‘मीठ’ शब्दाचा घोटाळा शेतात होऊ शकतो. डिचोली तालुक्यात, सर्वणच्या परिसरातही, जांभ्या मातीतील मॅग्नेशियम मुसळधार पावसात वाहून जाते. हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियमच असते. ते कमी पडले की जुनी पाने शिरांमधून पिवळी पडतात. अशा वेळी कृषी अधिकारी मॅग्नेशियम सल्फेट सुचवतात. माडाच्या मुळाशी खाण्याचे मीठ घालण्याची रीत मात्र आपल्याकडे जुनी आहे. सल्ल्याच्या पत्रकात नुसते ‘मीठ’ छापले, तर शेतकरी तेच घालील आणि पान पिवळेच राहील. म्हणून मराठीत शेतीविषयी लिहिणाऱ्यांनी येथे सुटसुटीतपणाचा मोह टाळून पूर्ण नाव लिहावे: मॅग्नेशियम सल्फेट.