स्कॉटलंडचा समुद्र आणि कालवे : वाऱ्याआधी भरतीचे गणित

स्कॉटलंडचा पश्चिम किनारा नकाशावर पाहिला, तर जमीन कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हे चटकन उमगत नाही. आत घुसलेल्या लांब खाड्या, शेकडो बेटे आणि त्यांच्यामधील चिंचोळ्या सामुद्रधुन्या यांमुळे शिडाच्या नौकेतून भ्रमंती करणाऱ्यांना या किनाऱ्याची ओढ वाटते. मात्र येथे निघण्याची वेळ वाऱ्याआधी भरती-ओहोटी ठरवते.

मोकळ्या समुद्रात संथपणे चढणारे भरतीचे पाणी सामुद्रधुनीत कोंडले की नदीसारखे धावू लागते. शिडाची मध्यम नौका ताशी सुमारे ५ ते ६ सागरी मैल जाते. जूरा आणि स्कार्बा या बेटांमधील कोरीव्रेकन येथे उधाणाच्या भरतीत प्रवाहाचाच वेग ताशी ८ सागरी मैलांवर जातो. तळाशी उभ्या असलेल्या खडकाच्या सुळक्यावर हे पाणी आदळते आणि भोवरे उठतात. पश्चिमेकडे धावणाऱ्या भरतीला समोरून पश्चिमेचा वारा भिडला, तर लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. भांगाच्या दिवसांत, प्रवाह पालटतानाच्या अल्प निवांत काळात आणि शांत हवेत मात्र याच वाटेने नौका पार होतात.

ही वेळ चुकल्यास काय होते, हे लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनी अनुभवले. ‘नाइन्टीन एटी-फोर’ लिहिण्यासाठी ते जूरा बेटावर राहत होते. ऑगस्ट १९४७ मध्ये भरतीचा अंदाज चुकल्याने त्यांची छोटी होडी कोरीव्रेकनमध्ये सापडली आणि तिचे इंजिन निखळून समुद्रात गेले. वल्ही मारत ते एका खडकाळ बेटापर्यंत पोहोचले, तोच होडी उलटली. सोबत लहानगा मुलगाही होता. शेवंडे पकडणाऱ्या कोळ्यांनी सर्वांना वाचवले.

अशा धोक्यांना बगल देण्यासाठीच येथे कालवे खोदले गेले. १८०१ मध्ये खुला झालेला क्रिनन कालवा अवघा १४ किलोमीटर लांब. पण तो किंटायर द्वीपकल्पाचा संपूर्ण वळसा वाचवतो. त्यावर १५ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना भक्कम दरवाजे असलेला हौद. त्यात पाणी सोडून किंवा काढून नौका वर चढवली अथवा खाली उतरवली जाते. थॉमस टेलफर्ड यांचा कॅलेडोनियन कालवा त्याहून भव्य आहे. सात वर्षांत पुरे होईल असे वाटलेले हे काम १८०३ मध्ये मंजूर झाले, पण कालवा खुला झाला तो १८२२ मध्ये. सुमारे ९७ किलोमीटरच्या या मार्गातील केवळ ३५ किलोमीटर खोदीव आहेत. उरलेला प्रवास नेससारख्या सरोवरांतून होतो. ‘नेपच्यूनचा जिना’ या सलग आठ लॉकमधून नौका सुमारे २० मीटर चढते. वाटेतील पूल बाजूला वळत असल्याने डोलकाठी उतरवावी लागत नाही.

तरीही कालव्यात शिरले म्हणजे निसर्गाचे बंधन सुटले, असे नव्हे. ओहोटी खोल गेली की कॅलेडोनियनचे समुद्राकडील दरवाजे काही काळ बंद राहतात. क्रिननची भिस्त डोंगरांतील जलाशयांवर असून लॉक उघडताना त्यातील पाणी अखेर समुद्रात जाते. पाऊस ओढला की वाहतुकीला मर्यादा पडतात. शिवाय क्रिननहून बाहेर पडणारी नौका कोरीव्रेकनपासून काही मैलांवरच असते. म्हणून येथील जाणता नाविक शीड उभारण्यापूर्वी भरतीचे कोष्टक उघडतो.