भोक पडलेली मार्टिन

गिटारवाल्यांच्या अड्ड्यावर एक प्रश्न हमखास निघतो: बाकीच्या सगळ्या विकायची वेळ आली, तर कोणती ठेवाल? मग लाकडांच्या जाती निघतात, मॉडेलांची नावं निघतात, एकमेकांच्या आवडीची टवाळी होते. या वादात मी कित्येक वर्षं विली नेल्सनच्या ‘ट्रिगर’चं नाव पुढे करतो आणि त्यावर ठरलेलं उत्तर ऐकतो, ‘अहो, तिला तर भोक आहे!’ आहेच. साउंडहोल आणि ब्रिज यांच्यामध्ये, चांगलं मोठं. नव्वदी ओलांडलेला हा टेक्सासचा गायक 1969पासून तीच गिटार घेऊन मंचावर येतो. विली नेल्सन कोण, हे सांगण्यात जागा घालवत नाही. मला छळत होता तो वेगळाच प्रश्न. जन्मभर पुरलेली ही गिटार त्याने निवडली कशी? शोधत गेल्यावर उत्तर मिळालं ते असं, की त्याने ती पाहिलीही नव्हती.

सुरुवात एका रुक्ष कागदापासून करावी लागते. कोणत्या वर्षाअखेर गिटारी कोणत्या क्रमांकापर्यंत पोचल्या, याचा तक्ता मार्टिन कंपनीने प्रसिद्ध केलेला आहे. 1968चा शेवटचा आकडा 241925. ट्रिगरचा क्रमांक 242830. म्हणजे ती 1969च्या पहिल्या हजारातली. मॉडेल एन-20, नायलॉनच्या तारांचं. मार्टिन हे 1833पासूनचं घराणं, पण नाव गाजलं ते स्टीलच्या तारांवर. 1968मध्ये काढलेल्या या एन मालिकेला स्पॅनिश गिटार वाजवणाऱ्यांनी कधी मनापासून जवळ केलं नाही.

तक्त्याच्या त्याच वर्षात आणखी एक आकडा जाणकार हटकून दाखवतात, 254498. मार्टिनच्या भारतीय शिसवीच्या गिटारी या क्रमांकापासून सुरू होतात. ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखली, आणि पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावच्या कारखान्यात आपल्या दक्षिणेकडच्या जंगलातलं लाकूड जाऊन पोचलं. आपल्या जुन्या घरांतले पाट आणि देव्हारे ज्या शिसवीचे, तीच ही जात. ट्रिगर या सीमेच्या साडेअकरा हजार गिटारी आधीची. तिची पाठ आणि बाजू ब्राझीलच्या शिसवीच्या आहेत. 1992पासून त्या शिसवीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आहे, त्यामुळे नुसतं ‘ब्राझिलियन’ म्हटलं तरी संग्राहकांचे डोळे चमकतात. मला हे लाकूडवेड जरा अतीच वाटतं. ट्रिगरची गोष्ट शिसवीने घडवलेली नाही, एका दारुड्याच्या पायाने घडवली आहे.

तो पाय पडला ट्रिगरच्या आधीच्या गिटारीवर, आणि ती होती बाल्डविनची. बाल्डविन ही सिनसिनाटीची पियानो कंपनी. साठच्या दशकात गिटारीला आलेला भाव पाहून तिने फेंडर कंपनीवर डोळा ठेवला होता. ती सीबीएसने नेली, तेव्हा बाल्डविनने 1965मध्ये इंग्लंडची बर्न्स विकत घेतली. पुढे वाद्यं खपवायला नावाजलेल्या वादकांच्या हाती ती नुसतीच सोपवायची, हा जुना मार्ग तिने धरला. विलीलाही नायलॉन तारांची एक विजेवरची गिटार आणि सोबत अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. त्या गिटारीत मोलाची गोष्ट एकच होती, प्रिझमॅटोन नावाचा पिकअप. नेहमीच्या पिकअपमध्ये चुंबक असतं. त्याला स्टीलची थरथर कळते, नायलॉनची कळत नाही. प्रिझमॅटोनमध्ये ब्रिजवर प्रत्येक तारेखाली एकेक, असे सहा पिझो घटक बसवलेले होते. तारेचा दाब ते थेट पकडत.

1969मध्ये सॅन अँटोनियोजवळच्या हेलोटिस गावी, जॉन टी. फ्लोअर यांच्या प्रसिद्ध नाचघरात कार्यक्रम होता. गिटार खाली ठेवलेली, आणि दारू चढलेल्या एका गृहस्थाचा पाय नेमका तिच्यावर पडला. तुकडे नॅशव्हिलला शॉट जॅक्सनकडे रवाना झाले.

ट्रिगरवर लिहिणारे या जॅक्सनला एका वाक्यात उरकतात. मला मात्र या सगळ्या प्रकरणात तोच खरा माणूस वाटतो. नाव हॅरल्ड ब्रॅडली जॅक्सन, जन्म 1920, नॉर्थ कॅरोलायना. ‘शॉट’ हे ‘बकशॉट’ या लहानपणीच्या टोपणनावाचं उरलेलं शेपूट. तो वाजवायचा डोब्रो आणि स्टील गिटार, म्हणजे तारांवर धातूची कांडी सरकवत आडवी वाजवायची वाद्यं. 1967च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये ब्रिजभूषण काब्रांची गिटार ऐकलेल्यांना हे कूळ परकं वाटू नये. कंट्री गायक रॉय एकफच्या ताफ्यात त्याने बरीच वर्षं काढली. पन्नासच्या दशकात बडी एमन्स या अफाट स्टीलवादकाबरोबर गॅरेजमध्ये पेडल स्टील बनवायला घेतली, आणि दोघांच्या नावांची टोकं जोडून ‘शो-बड’ ही कंपनी उभी राहिली. 1965मध्ये एकफच्या गाडीला अपघात झाला, त्यात शॉट जबर जखमी झाला. तरीही काम सुटलं नाही. वादकाला काय हवं ते वाजवून कळलेलं, वाद्याला काय सोसेल ते उघडून पाहिलेलं, असा हा दुर्मीळ दुकानदार.

त्याने बाल्डविन पाहिली आणि ही आता उठणार नाही असं सांगून टाकलं. दुकानात एक मार्टिन होती, 750 डॉलरची. व्यवहार फोनवर ठरला. विलीने लाकूड विचारलं नाही, हात फिरवून पाहिला नाही. शॉटने मोडक्या बाल्डविनमधला प्रिझमॅटोन सोडवला आणि मार्टिनमध्ये बसवला. कोकणात रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूसची काडी बांधतात, तसं हे कलम. अंग एका कंपनीचं, कंठ दुसऱ्या कंपनीचा, आणि दोघींच्या कारखान्यांत असला बेत कुणाच्या डोक्यात आलेला नसणार. अ‍ॅम्प्लिफायरही बाल्डविनचाच राहिला. विलीला जिप्सी गिटारवादक जँगो राइनहार्टचं वेड. आपल्या हाती आलेल्या वाद्यांत त्या नादाच्या सर्वांत जवळ जाणारं हेच, असं त्याचं मत झालं. जँगोच्या सेल्मर गिटारीला तारा स्टीलच्या होत्या, पण कानाला असले हिशेब मान्य नसतात. पडद्यावरचा काउबॉय रॉय रॉजर्स याच्या घोड्याचं नाव गिटारीला मिळालं, ट्रिगर.

भोकाचं कारण साधं आहे. नायलॉनची गिटार बोटांनी वाजवायची, म्हणून तिच्या मऊ स्प्रूसच्या छातीवर संरक्षक पट्टी नसते. विली ती प्लास्टिकच्या पिकने खरवडतो. शास्त्रोक्त वादकांच्या लेखी हे पापच, वर विजेचा पिकअप म्हणजे दुहेरी पाप. त्यांचे गुरू आंद्रेस सेगोव्हिया ध्वनिवर्धकाच्या कायम विरोधात होते.

सेगोव्हियांची वाट इथे आठवल्याशिवाय राहवत नाही, कारण ती नेमकी उलटी आहे. तरुणपणी माद्रिदमध्ये ते मैफिलीपुरती गिटार भाड्याने मागायला मान्वेल रामीरेसच्या दुकानात गेले. वादन ऐकून रामीरेसने ती देऊनच टाकली, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. 1912च्या त्या गिटारीवर लेबल मालकाचं, पण हात सांतोस एर्नांदेस या कारागिराचा, असं अभ्यासक मानतात. इतक्या सुंदर गोष्टीनंतर ती गिटार जन्माची सोबतीण व्हायला हवी होती. पण 1937मध्ये जर्मनीच्या हेरमान हाउझरने अधिक चांगली गिटार बनवून दिली, ती सेगोव्हियांनी सुमारे 25 वर्षं वापरली, आणि मग तीही बाजूला पडली. दोन्ही आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. सर्वोत्तमाचा शोध घेणाऱ्याचं हे असंच व्हायचं. सर्वोत्तम हा दर्जा तुलनेवर जगतो, आणि तुलना उद्याही होणारच असते.

विलीने तुलना थांबवली. पुढच्या दंतकथा सगळ्यांना पाठ आहेत. डिसेंबर 1970मध्ये टेनेसीतलं घर पेटलं, तेव्हा तो जळत्या घरात शिरून ट्रिगर आणि गांजाची पिशवी तेवढी घेऊन बाहेर आला. 1990मध्ये आयकर खात्याने 1 कोटी 67 लाख डॉलरच्या थकबाकीसाठी जप्ती आणली, तेव्हा घरदार, जमीन, स्टुडिओ यांच्या आधी त्याला चिंता पडली ती गिटारीची. मुलगी लाना हिने ती वेळेत हलवली. पुढे कर फेडण्यासाठी जो अल्बम निघाला, त्यात केवळ त्याचा आवाज आणि ट्रिगर आहे. मैफिलींच्या गर्दीत न कळणारी त्या कलमाची गोडी ऐकायची असेल, तर तोच ऐकावा.

दंतकथांमध्ये एक माणूस मात्र झाकला जातो, ऑस्टिनचा मार्क अर्लवाइन. 1977पासून ट्रिगरची देखभाल त्याच्याकडे आहे. घामाचा थर साफ करायचा, आतल्या पट्ट्यांना आधार द्यायचा, लाकडावर लॅकर चढवायचं, भोक पसरणार नाही हे पाहायचं. भोक बुजवून नवी छाती बसवणं त्याला अवघड नव्हतं. पण छातीवर शंभराहून अधिक सह्या आहेत, गायक लिऑन रसेलपासून सुरू झालेल्या, आणि तो नादही मग तोच राहिला नसता. मंचावर भोकाची झळ फारशी जाणवत नाही, त्याचं श्रेय पुन्हा शॉटच्या खटपटीला: श्रोत्यांपर्यंत पोचणारा बराचसा आवाज तारांखालच्या प्रिझमॅटोनने उचललेला असतो. छाती झिजत गेली, तरी कंठ शाबूत राहिला.

1998मध्ये मार्टिनने विलीच्या नावाची मर्यादित एन-20 काढली. संग्राहकांना तिचं कौतुक असेल, मला नाही. जी वस्तू पहिल्या दिवसापासून जपून पेटीत ठेवायची, तिच्याशी जन्माचं नातं कसलं जुळणार?

म्हणून अड्ड्यावरचा तो प्रश्न मी आता वेगळा विचारतो. दुकानात जाऊन आयुष्यभराची गिटार शोधणाऱ्याला लाकूड कोणतं ते मी विचारत नाही, ‘तुझ्या गावात दुरुस्त करणारा कोण आहे?’ हे विचारतो. तसा माणूस नसेल, तर ब्राझीलची शिसवही पाच-दहा वर्षांत विकायला निघते. असेल, तर न पाहता घेतलेली 750 डॉलरची मार्टिनही जन्माला पुरते.