सर्वात कमकुवत शिकाऱ्याची गोष्ट

आठवी-नववीच्या मुलांत मधल्या सुट्टीत क्रिकेटच्या बरोबरीने आणखी एक नाव ऐकू येते. सुंग जिनवू. हा खेळाडू नाही, 'सोलो लेव्हलिंग' या ॲनिमे मालिकेचा नायक आहे. पालकसभेला आलेल्या अम्मी-अब्बूंचा प्रश्न ठरलेला असतो, "टीचर, हे कार्टून मुलांना पाहू द्यावे की नाही?" या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणण्याआधी ही मालिका आहे तरी काय आणि मुले तिच्यात एवढी का रमतात, हे आपण पाहू या.

ॲनिमे म्हणजे जपानमध्ये तयार होणारी चित्रमालिका. मात्र या मालिकेची गोष्ट मूळची कोरियाची. चुगोंग या टोपणनावाच्या लेखकाने 2016 मध्ये इंटरनेटवर ही कादंबरी क्रमशः लिहायला सुरुवात केली. 2018 मध्ये तिचे वेबटून झाले. वेबटून म्हणजे मोबाइलवर बोटाने वरून खाली सरकवत वाचायची रंगीत चित्रकथा. ती चित्रे काढली जांग सुंग-राक यांनी. वाचक त्यांना 'दुबू' या नावाने ओळखतात. जपानच्या ए-वन पिक्चर्सने त्यावर मालिका बनवली. जानेवारी 2024 पासून पहिले 12 भाग आणि जानेवारी 2025 पासून पुढचे 13 भाग आले. क्रंचीरोलवर ती हिंदी आवाजातही आहे, त्यामुळे भाषेची अडचण आपल्या मुलांना राहिलेली नाही.

नवे तिलिस्म

कथा अशी आहे. जगात जागोजागी अचानक दरवाजे उघडतात. आत राक्षसांनी भरलेली भुयारे असतात. काही माणसांमध्ये विशेष ताकद जागी होते आणि ते शिकारी बनून आत उतरतात. उर्दू वाचणाऱ्या घरांना हे नवे वाटू नये. 'तिलिस्म-ए-होशरुबा'मध्ये हेच तर आहे: जादूची बंद दुनिया, तिचे स्वतःचे नियम, आणि ते तोडून बाहेर येणारा वीर. लखनौच्या नवल किशोर प्रेसने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापलेल्या त्या दास्तानी आपल्या आजोबा-पणजोबांनी रात्र रात्र ऐकल्या. त्यामुळे नातवंडांना अशा गोष्टींचे वेड लागले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

फरक आहे तो नायकात. दास्तानीतला अमीर हमजा पहिल्यापासून शूर असतो. जिनवू मात्र सर्व शिकाऱ्यांत सर्वात कमकुवत. शिकाऱ्यांना 'ई'पासून 'एस'पर्यंत दर्जे दिलेले असतात आणि एकदा मिळालेला दर्जा सहसा बदलत नाही. जिनवू 'ई' दर्जाचा. वडील बेपत्ता, आई इस्पितळात न संपणाऱ्या झोपेत, धाकटी बहीण शाळेत शिकते. घर चालवायचे म्हणून तो प्रत्येक वेळी जखमी होऊनही भुयारात जातो. एकदा मृत्यूच्या दारातून परत आल्यावर त्याच्या डोळ्यांपुढे एक अदृश्य फलक दिसू लागतो. फलकावर रोजचे काम येते: 100 जोर, 100 उठाबशा, 100 बैठका आणि 10 किलोमीटर धावणे. काम चुकले तर शिक्षा, पूर्ण झाले तर ताकद थोडी वाढते. किती वाढली, तेही आकड्यात दिसते.

शिक्का

माझ्या मते मुले अडकतात ती इथे. तलवारबाजी तर शंभर मालिकांत असते. पण कपाळावर 'ई'चा शिक्का घेऊन फिरणारा मुलगा त्यांना ओळखीचा वाटतो. आपणही मुलांवर शिक्के मारतोच. "हा गणितात ढ आहे", "हिच्या बहिणीची सर हिला नाही", "याच्याकडून दहावी व्हायची नाही, गॅरेजवर बसवा." घरात आणि शाळेत असे ऐकून ऐकून मुलालाही ते खरे वाटू लागते. अशा मुलाला ही मालिका सांगते की शिक्का बदलू शकतो. नववीतल्या एका अबोल मुलाने मला विचारले होते, "टीचर, ऐसा सच में लेव्हल बढता क्या?" करमणुकीसाठी विचारलेला प्रश्न असा नसतो.

त्याचे खरे उत्तर असे की, बढता है, पण दिसत नाही. जिनवूला फलक आकडा दाखवतो. महिनाभर पाढे पाठ करणाऱ्या मुलाला कुणी आकडा दाखवत नाही. त्याला फक्त सहामाहीचे गुण दिसतात, तेही अजून कमीच. तिथे तो हिंमत सोडतो.

काळजी कुठे घ्यावी

मालिकेत रक्तपात भरपूर आहे. हातपाय तुटतात, माणसे माणसांना मारतात. बारा-तेरा वर्षांखालील मुलांना ती दाखवू नये, असे मी स्पष्ट सांगते. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. महाकाय मूर्तीपुढे झुका, नाहीतर मरा, असा हुकूम शिकाऱ्यांना होतो. आपल्या घरातले मूल यावर प्रश्न विचारणारच. त्याला गप्प करू नका. कथेतही तो एक क्रूर सापळाच आहे. जीव वाचवण्यासाठी झुकणे आणि श्रद्धेने झुकणे यांतला फरक समजावण्याची ही चांगली संधी आहे.

व्यायामाचेही तसेच. दहा किलोमीटर म्हणजे शहरातून दौलताबादच्या किल्ल्याकडे निघाल्यावर निम्म्याहून जास्त वाट. सवय नसलेल्या मुलाने पहिल्याच दिवशी आमखास मैदानावर एवढे धावून वर शंभर जोर काढले, तर ताकद वाढण्याऐवजी दुखापत होईल. दहापासून सुरुवात करावी, पण रोज करावी. सातत्याने केलेल्या थोड्या कामाची किंमत आपल्या घरांना नव्याने सांगायला नको.

आणि 'सोलो' या शब्दाबद्दल. जिनवू एकट्याने लढतो, पण एकट्यासाठी नाही. एवढी ताकद आल्यावर तो राक्षसांच्या किल्ल्यात शिरतो तो आईच्या औषधासाठी. ती डोळे उघडते, तो भाग मुलांबरोबर बसून जरूर पाहा. ही मालिकाही एका माणसाची नाही. लेखक एक, चित्रकार दुसरा, पडद्यावर आणणारे आणखी कितीतरी. ज्यांच्या चित्रांनी ही गोष्ट जगभर नेली, ते दुबू जुलै 2022 मध्ये वयाच्या 37 व्या वर्षी वारले. मालिका पडद्यावर आलेली त्यांना पाहता आली नाही.

घरातला फलक

तेव्हा पालकांनो, मोबाइल हिसकावण्याआधी एक प्रयोग करून पाहा. मुलाच्या टेबलाजवळ एक साधी वही ठेवा. रोज रात्री त्याच्याबरोबर बसून एक ओळ लिहा: आज किती पाने वाचली, किती गणिते सुटली, अम्मीला कोणत्या कामात मदत केली. गुण लिहू नका, शेजारच्या मुलाशी तुलना तर अजिबात नको. महिन्याच्या शेवटी पहिले आणि शेवटचे पान शेजारी ठेवून त्याला दाखवा. जिनवूच्या फलकाने जे केले, ते घरातले कुणीही करू शकते. त्याला जादू लागत नाही, रोजची पाच मिनिटे लागतात.