तेरा तुकड्यांचे राज्य

मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडणारा गव्हर्नर म्हणून बार्टल फ्रिअर आपल्याकडे ओळखला जातो. त्याआधी तो साताऱ्याला रेसिडेंट होता. छत्रपतींचे राज्य खालसा झाले तेव्हा तिथला कारभार त्याच्याच हाती होता. हाच फ्रिअर १८७७ मध्ये हाय कमिशनर होऊन केप टाउनला उतरला आणि दोन वर्षांच्या आत झुलूंच्या मुलखावर फौज चालून गेली.

दक्षिण आफ्रिकेतल्या वसाहती एका छत्राखाली आणायचे घाटत होते. त्यात सेत्श्वायो या झुलू राजाचे स्वतंत्र, शस्त्रसज्ज राज्य आड येत होते. कुरापत काढायला ट्रान्सवाल आणि झुलू मुलखामधल्या हद्दीचा वाद आयता होता. पण नाताळ वसाहतीच्या सरकारने नेमलेल्या आयोगाने १८७८ मध्ये कौल बहुतांशी झुलूंच्या बाजूने दिला. फ्रिअरने तो अहवाल काही महिने दाबून ठेवला. ११ डिसेंबरला तुगेला नदीकाठी झुलू प्रतिनिधींना निकाल ऐकवला आणि त्याच बैठकीत निर्वाणीचा खलिताही वाचून दाखवला. तरुणांच्या पलटणी तीस दिवसांत मोडा, ही त्यातली मुख्य अट. राजाची शेती, गुरे, तरुणांची लग्ने, सगळे या पलटणींशी बांधलेले होते. ती अट मान्य करणे म्हणजे राज्य सोडणे, आणि ती तशीच बेतलेली होती. अफगाणिस्तानात गुंतलेल्या लंडनला हे युद्ध नको होते, पण केपपर्यंत थेट तार नव्हती. वरिष्ठांचा नकार बोटीने पोहोचेपर्यंत गोष्टी हाताबाहेर गेल्या होत्या. फ्रिअरला हे पक्के ठाऊक होते, असे माझे मत आहे.

११ जानेवारी १८७९ ला ब्रिटिश सेनापती लॉर्ड चेम्सफर्डने हद्द ओलांडली. इसांडल्वाना डोंगराखाली तळ पडला. भोवती ना खंदक, ना गाड्यांचा कोट. २२ जानेवारीच्या पहाटे तो निम्मी फौज घेऊन शत्रू शोधायला निघून गेला. शत्रू भलतीकडेच, काही मैलांवरच्या दरीत दडला होता. न्त्शिंग्वायो या वयोवृद्ध सेनापतीच्या हाताखालचे सुमारे वीस हजार योद्धे रेड्याच्या शिंगांसारखे दोन्ही बाजूंनी पसरत तळावर कोसळले. मार्टिनी-हेन्री बंदुकांनी त्यांच्या रांगा कापल्या, तरी ते थांबले नाहीत. ब्रिटिशांकडचे तेराशेहून अधिक लोक पडले. त्यांत त्यांच्या बाजूने लढणारे आफ्रिकीही शेकड्यांनी होते. झुलूंचेही हजारभर तरी गेले.

त्याच संध्याकाळी रोर्क्स ड्रिफ्टला दीडशेच्या आसपास सैनिकांनी ठाणे राखले. त्यासाठी अकरा व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, पुढे सिनेमाही निघाला. लढाईनंतर जखमी झुलूंना जागीच मारले गेले, त्याचा बोलबाला मात्र तितका झाला नाही.

सेत्श्वायोने तहासाठी पुन्हापुन्हा दूत धाडले. पण नवा सेनापती वुल्झ्ली येऊन पोहोचण्याआधी चेम्सफर्डला कलंक धुऊन काढायचा होता. ४ जुलैला उलुंडीजवळ गॅटलिंग तोफांपुढे झुलू सेना मोडली, राजधानी जाळली गेली, ऑगस्टअखेर राजा पकडला गेला.

खरे वाटोळे त्यानंतर झाले. वुल्झ्लीने राज्याचे तेरा तुकडे करून तेरा सरदारांना वाटले. त्यांत जॉन डन हा गोरा व्यापारी होता, पुढे राजाचा वैरी ठरलेला झिभेभू होता. मग भाऊबंदकी पेटायला बाहेरून काडी लावावी लागली नाही. १८८२ मध्ये सेत्श्वायोने लंडनला जाऊन व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली. पुढल्या वर्षी त्याला अर्धेमुर्धे राज्य परत मिळाले. जुलैमध्ये झिभेभूने त्याच्या नव्या राजधानीवर छापा घातला आणि म्हातारे सरदार वेचून मारले. इसांडल्वाना जिंकणारा न्त्शिंग्वायो असा झुलूंच्याच हातून गेला. काही महिन्यांत सेत्श्वायोही वारला.

त्याचा मुलगा दिनुझुलू याने बोअरांची, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांची, मदत घेतली आणि किमतीत जमिनीचा मोठा लचका दिला. उरलेला मुलूख ब्रिटिशांनी १८८७ मध्ये खालसा केला. १९०६ मध्ये डोईपट्टीविरुद्ध झुलू सरदार बंबाथाने बंड केले, तेव्हा गांधीजी भारतीयांचे शुश्रूषापथक घेऊन गेले होते. त्यांच्या वाट्याला आलेले झुलू बहुतेक लढाईत जखमी झालेले नव्हते. फटक्यांनी सोललेले होते, आणि त्यांना शिवायला गोरे तयार नव्हते. बंडाच्या संशयावरून दिनुझुलूला तुरुंगवास झाला. १९१० मध्ये त्याची सुटका केली ती दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान लुई बोथा याने. १८८४ मध्ये जमिनीच्या बदल्यात त्याच्या बाजूने लढलेल्या बोअरांपैकी हा एक.