रस्त्यालगतचा कडा कोणाच्या अखत्यारीत? प्रस्तरारोहणापूर्वीची आवश्यक चौकशी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेल्या तंजावरभोवती दूरवर भातशेतीचा सपाट मुलूख आहे. प्रस्तरारोहणाची आवड असणाऱ्यांना खडकाच्या शोधात शेजारच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्याकडे वळावे लागते. तेथे नार्तामलै, सित्तन्नवासल, कुडुमियान्मलै यांसारख्या बोडक्या खडकाळ टेकड्या सपाट माळातून एकदम वर आलेल्या दिसतात. त्यांपैकी काही रस्त्यावरूनही नजरेस पडतात.

कुंपण नाही, फलक नाही, पहारेकरीही नाही, असा कडा पाहिला की तो सर्वांसाठी खुला असावा असा समज सहज होतो. प्रत्यक्षात अशा प्रत्येक खडकावर कोणाचा ना कोणाचा अधिकार असतो. तो कोणाचा, हे शोधून काढणे हा आरोहणाच्या पूर्वतयारीचाच भाग मानला पाहिजे.

एकच खिडकी नाही

हिमालयातील उंच शिखरांच्या मोहिमांसाठी नवी दिल्ली येथील भारतीय गिर्यारोहण प्रतिष्ठानकडे अर्ज करण्याची पद्धत आहे. पठारावरील लहान कड्यांसाठी अशी एकच खिडकी उपलब्ध नाही. ब्रिटनमध्ये तेथील गिर्यारोहण परिषद प्रत्येक कड्याच्या प्रवेशाविषयीची माहिती एकत्र ठेवते आणि ती आरोहकांना उपलब्ध करून देते. आपल्याकडे मात्र ही माहिती महसूल, वन, पुरातत्त्व, खनिकर्म आणि देवस्थान अशा निरनिराळ्या खात्यांच्या दप्तरांत विखुरलेली आहे.

प्रारंभ महसुली नोंदीपासून

चौकशीची पहिली पायरी म्हणजे गावाचे नाव आणि भूमापन क्रमांक निश्चित करणे. तमिळनाडूमध्ये खाजगी मालकीच्या जमिनीस ‘पट्टा’ असतो, तर सरकारी वा सार्वजनिक जमिनीस ‘पोरंबोक्कु’ म्हटले जाते. महाराष्ट्रात ज्याप्रमाणे सातबारा उताऱ्यावरून जमिनीचा धारक कळतो, त्याप्रमाणे तेथे पट्टा आणि गावाची ‘अ’ नोंदवही यांवरून जमिनीचे वर्गीकरण समजते. या नोंदी राज्य शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. शंका राहिल्यास ग्राम प्रशासकीय अधिकारी किंवा तहसीलदार कार्यालयाकडे विचारणा करता येते.

जमीन सरकारी आहे एवढ्याने आरोहणास मुभा मिळाली असे होत नाही. एकाच टेकडीचा पायथा महसूल खात्याकडे, उतार वनखात्याकडे आणि माथ्यावरील मंदिर देवस्थान खात्याकडे असू शकते. एखादा भाग दगडखाणीसाठी भाडेपट्ट्याने दिलेला असेल, तर सुरुंगांमुळे तेथे जिवालाही धोका संभवतो.

खडकावरील इतिहास

या भागात दगड हीच इतिहासाची वही आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात दुसरे सरफोजीराजे यांनी भोसले घराण्याचा इतिहास १८०३ मध्ये मराठीत कोरवून घेतला, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या कितीतरी शतके आधीपासून परिसरातील नैसर्गिक खडकांवरही लेख कोरले जात होते.

सित्तन्नवासल येथील एळडिपट्टम् या नैसर्गिक गुहेत जैन मुनींच्या घोटीव शिलाशय्या आणि तमिळ-ब्राह्मी लिपीतील लेख आहे. गुहेकडे जाण्यासाठी कड्यात कोरलेल्या सात खोबण्यांवरूनच तिला हे नाव पडले. कुडुमियान्मलै येथे संगीतविषयक प्रसिद्ध शिलालेख आहे, तर नार्तामलैच्या टेकडीवर विजयालय चोळीश्वरम् मंदिर आणि गुहालेणी आहेत.

अशा ठिकाणी मेख ठोकणे किंवा दोरासाठी खडकात छिद्र पाडणे म्हणजे भरून न येणारी हानी करणे होय. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यात २०१० साली सुधारणा झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून कड्याच्या परिसरात संरक्षित स्मारक आहे काय, हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण तसेच राज्य पुरातत्त्व खाते या दोन्हींकडे विचारावे लागते. पुदुक्कोट्टै संस्थानाने १९२९ मध्ये प्रसिद्ध केलेले शिलालेखांचे संग्रहही या कामी उपयोगी पडतात.

कुरंगणीचा धडा

राखीव वनात विनापरवाना प्रवेश करणे हा गुन्हा आहे. या नियमामागे वनरक्षणाइतकाच मनुष्यरक्षणाचाही हेतू आहे. ११ मार्च २०१८ रोजी तेनी जिल्ह्यातील कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून पदभ्रमण करणाऱ्यांपैकी २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर तमिळनाडू शासनाने वनक्षेत्रातील पदभ्रमणासाठी स्वतंत्र नियम लागू केले. २०२४ मध्ये ‘ट्रेक तमिळनाडू’ या योजनेखाली ४० मार्ग मार्गदर्शकांसह खुले करण्यात आले. डोंगरात कोण गेले आहे याची नोंद वनखात्याकडे असेल, तरच संकटसमयी शोध आणि सुटका शक्य होते.

महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर करून संयोजकांना नोंदणी आवश्यक केली आहे. तथापि अशी नोंदणी जमीनधारकाच्या किंवा वनखात्याच्या परवानगीची जागा घेऊ शकत नाही.

गावाचा शब्द

सरकारी कागदांत न सापडणारी माहिती अनेकदा गावातच मिळते. कोणत्या कपारीत आग्या मधमाश्यांची पोळी आहेत, कोणता खडक ग्रामदेवतेचा मानला जातो, उत्सव केव्हा असतो, पाणी कोठून वाहते, हे गुराख्यांना आणि पुजाऱ्यांना ठाऊक असते. आग्यामोहोळ उठल्यास दोरावर लटकलेल्या आरोहकाला पळ काढणेही शक्य नसते. शिवाय देवस्थानाच्या खडकावर विचारणा न करता चढल्यास गावकऱ्यांचा रोष ओढवतो आणि तो कडा पुढील सर्वांसाठी बंद होण्याची शक्यता असते.

परवानगी शक्यतो लेखी घ्यावी. तीत भूमापन क्रमांक, दिनांक, सहभागींची संख्या आणि मेखा ठोकण्याबाबतच्या अटी स्पष्ट असाव्यात. कोणत्या कार्यालयाने काय उत्तर दिले याची टिपणे स्थानिक गिर्यारोहण संस्थेकडे जमा केल्यास पुढच्या चमूला चौकशी नव्याने करावी लागत नाही. उत्तर नकारार्थी आले असले तरी ते नोंदवून ठेवणे तितकेच आवश्यक आहे.