आगाशीची सुकेळी चाखलीत का?

बाळंतिणीला, डोहाळजेवणाला आपण खजूर, मनुका, अंजीर हौसेने नेतो. पण मैत्रिणींनो, आपल्या शेजारच्या वसई तालुक्यातला सुका मेवा किती जणींनी चाखलाय? तो म्हणजे आगाशीची सुकेळी, उन्हात वाळवलेली राजेळी केळी! १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटिअरमध्येही त्यांचे कौतुक आहे.

भिवंडीहून आगाशी फार लांब नाही. भिवंडी रोड स्टेशनवरून गाडीने वसई रोड, तिथून लोकलने विरार आणि पुढे पश्चिमेला बस किंवा रिक्षा. दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्याच, तेव्हा वेळ आधी पाहून ठेवा. मागांची खडखड मागे पडते अन् नारळी-केळीच्या वाड्या दिसू लागतात.

सुकेळी करणे मात्र सोपे नव्हे. पावसाळा सरून कडक ऊन पडले की पिकलेली राजेळी सोलून उन्हात पसरायची, रोज उलटायची, रात्री दंव लागू नये म्हणून झाकायची. आठवडाभरात केळे आक्रसून मधाच्या रंगाचे होते. मग ते केळीच्याच सुक्या पानात बांधायचे. ना साखर, ना तूप. मध्येच आभाळ भरून आले की जीव टांगणीला!

गेलात तर इथले बाकीचे पदार्थही चुकवू नका. मांसाहार चालत असेल तर निखाऱ्यावर भाजलेली कोंबडी नि पोहे एकत्र परतलेले आगाशीचे भुजिंग खा. वसईच्या ख्रिस्ती घरांतून लग्नसमारंभाला टम्म फुगलेले, तळलेले फुगे करतात.

पण वाड्यांच्या जागी इमारती उठत आहेत. राजेळीची लागवड कमी झाली, उन्हात राबणारे हातही कमी झाले. घड उतरवल्यापासून इतके कष्ट, शिवाय वाळल्यावर वजन कितीतरी घटते. मग सुकेळी महाग पडणारच. तेव्हा घासाघीस करताना जरा हात आखडता घ्या. गिऱ्हाईक टिकले तरच ही कला टिकेल.

घरी आणल्यावर सुकेळी कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, पावसाळ्यात फ्रीजमध्ये. बारीक चिरून खिरीत घाला, किंवा शेंगदाण्याच्या लाडवात खजुराऐवजी वापरा. मुलांच्या डब्यात एक तुकडा दिलात, तर चॉकलेटची आठवणसुद्धा निघायची नाही!